पिल्लाच्या पहिल्या रात्री: ते का रडते आणि त्याला शांत झोप कशी लागते

कुत्र्याचे नवे पिल्लू घरी येते तो दिवस सगळ्यांच्या आनंदाचा असतो आणि त्याच दिवसाची रात्र बहुतेक घरांना जड जाते. दिवसभर सगळ्यांच्या पायांत घुटमळणारे पिल्लू दिवे मालवले की आधी बारीक कुईकुई करू लागते, मग विव्हळते, आणि शेवटी मान वर करून असा आक्रोश मांडते की घरातल्या एकाचाही डोळा लागत नाही. अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. ‘लक्ष देऊ नका, दोन रात्री रडेल, तिसऱ्या रात्री आपोआप गप्प होईल’ हा त्यांतला सर्वांत जुना सल्ला. माझ्या मते तो चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे नीट समजून घेतले, की पिल्लाला रात्री स्वस्थ झोप लागावी म्हणून काय करायचे याची बहुतेक उत्तरे त्यातूनच मिळत जातात.

त्यासाठी पिल्लू आजवर कसे झोपत आले होते ते आधी पाहायला हवे. जन्मताना त्याचे डोळे आणि कान दोन्ही बंद असतात. डोळे साधारण 10 ते 14 दिवसांनी उघडतात आणि ऐकू यायला तिसरा आठवडा लागतो. स्वतःच्या शरीराची ऊब टिकवणेही त्याला सुरुवातीला जमत नाही. मोठ्या कुत्र्याच्या शरीराचे तापमान 38 अंश सेल्सिअसच्या वर असते, तर पहिल्या आठवड्यात पिल्लाचे तापमान 35 ते 36 अंशांच्या आसपासच राहते. म्हणून एका वेताची सगळी पिल्ले आईच्या कुशीत, एकमेकांच्या अंगावर, ढीग करून झोपतात. ढिगातले एखादे पिल्लू बाजूला घसरले, तर ते आंधळेपणाने डोके हलवत, कुठे ऊब लागते ते शोधत पुन्हा त्याच ढिगात शिरते. दृष्टी आणि कान येण्याच्या आधीपासून त्याला झोपेची ओळख आहे ती अंगाला लागलेल्या अंगाची, दुसऱ्याच्या श्वासाची आणि दुधाच्या वासाची. आठ आठवड्यांचे पिल्लू आपण घरी आणतो, तेव्हा आयुष्यातल्या छप्पन्न रात्रींपैकी एकही रात्र ते एकटे झोपलेले नसते. सत्तावन्नाव्या रात्री आई नाही, भावंडे नाहीत, ओळखीचा वास नाही, आणि ज्यांच्याशी दिवसभरात थोडी ओळख झाली ती माणसेही दार लावून निघून जातात.

अशा वेळी पिल्लू जे रडते त्याला हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे. प्राण्याच्या लहानशा जिवासाठी एकटे पडणे म्हणजे थंडी, भूक आणि शिकारी प्राणी यांच्या तावडीत सापडणे. त्यामुळे आपल्या माणसांपासून दुरावताच मोठ्याने हाक मारायची, आणि कोणी येईपर्यंत मारत राहायची, ही वृत्ती त्याच्या रक्तातच असते. आई अशी हाक ऐकून पिल्लाला उचलून आणते. या हाकेचा अभ्यास अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे केला. पिल्लांना थोडा वेळ एकटे ठेवून ती किती वेळा आवाज काढतात हे मोजायचे, मग त्यांच्याजवळ निरनिराळ्या गोष्टी ठेवून आवाज किती कमी होतो ते पाहायचे, अशी ती पद्धत होती. 1977 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात असे दिसले की खाणे ठेवल्याने रडणे फारसे कमी होत नाही, मऊ वस्तूने काही प्रमाणात होते, आणि सर्वांत जास्त उतार पडतो तो माणूस जवळ असल्याने. रात्री रडणाऱ्या पिल्लासमोर बिस्किटे ठेवून पाहणाऱ्याला जो अनुभव येतो, त्याचे कारण हेच आहे. त्याला जे हवे आहे ते वाटीत मावणारे नसते.

आता ‘तिसऱ्या रात्री गप्प होईल’ या विधानाकडे वळू. पुष्कळ पिल्ले खरोखरच गप्प होतात, आणि त्या पद्धतीने वाढलेले असंख्य कुत्रे पुढे उत्तम निपजतात, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु गप्प होणे आणि निश्चिंत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाक मारून कोणी येत नाही असे कळल्यावर, किंवा केवळ अंगातले त्राण संपल्यावरही, पिल्लू थांबते. घाबरट स्वभावाच्या पिल्लाचे तर असे होते की अंथरूण, अंधार आणि बंद दार यांची सांगड पहिल्याच आठवड्यात भीतीशी घातली जाते, आणि पुढे दिवसाही त्याला एकटे ठेवणे अवघड होऊन बसते. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिल्लाच्या मनावर ठसे उमटण्याचा काळ मानला जातो. जग भरवशाचे आहे की नाही, हे ते याच दिवसांत ठरवत असते, आणि नव्या घरातल्या पहिल्या रात्री नेमक्या याच काळात येतात.

जवळ घेतल्याने रडण्याची सवय लागेल, ही भीती अनेकांना वाटते. इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. खेळायला बोलावण्यासाठी भुंकणे ही कृती आहे, आणि तिला प्रत्येक वेळी प्रतिसाद मिळाला तर ती वाढते हे खरे. भीती ही मात्र कृती नसून मनाची अवस्था आहे. घाबरलेल्याला धीर दिल्याने त्याची भीती वाढत नाही, ओसरते, आणि भीती ओसरली की तिच्यातून निघणारा आवाजही थांबतो.

माझ्याकडे आलेल्या एका पिल्लाच्या वेळी मीही पहिल्या रात्री तो जुना सल्ला पाळला होता. स्वयंपाकघरात मऊ अंथरूण, पाण्याचे भांडे, दोन खेळणी अशी सगळी तयारी करून मी दार लावून घेतले. मध्यरात्र उलटून गेल्यावर आवाज थांबला, तेव्हा झोपले असेल असे वाटले. थोड्या वेळाने दार उघडले, तर पिल्लू अंथरुणावर नव्हतेच. दाराच्या खालच्या फटीला नाक लावून ते फरशीवर पडले होते, डोळे टक्क उघडे होते, हनुवटीखालची आणि छातीवरची केसाळ बाजू लाळेने ओली झाली होती आणि पाण्याचे भांडे कलंडलेले होते. दुसऱ्या रात्री मी माझी गादी जमिनीवर घातली, शेजारी त्याचे खोके ठेवले आणि हात खोक्याच्या आत सोडला. त्याने एकेक बोट हुंगले, दोनदा कण्हून पाहिले, मग हनुवटी माझ्या तळहातावर टेकवली आणि एवढ्याशा जिवाला न शोभेल असा दीर्घ सुस्कारा सोडला. बोटांना त्याच्या गळ्याजवळची भराभर चालणारी नाडी लागत होती, ती हळूहळू संथ होत गेलेली मला कळली. त्या रात्री ते एकदाच उठले, आणि तेही शू करण्यासाठी.

झोपायची जागा आणि आपले अंतर

तेव्हा पहिले काम हे, की सुरुवातीच्या रात्री पिल्लाच्या हाताच्या अंतरावर कोणीतरी माणूस झोपावे. पिल्लू आपल्या खोलीत आणा किंवा आपण त्याच्या खोलीत जा, दोन्ही चालते. त्याला पलंगावर घ्यायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न असला, तरी अगदी लहान पिल्लू उंचावरून पडून हाड मोडू शकते आणि गाढ झोपेतल्या माणसाच्या अंगाखाली सापडू शकते, म्हणून पहिले काही महिने त्याची जागा जमिनीवर असलेली बरी.

जागा म्हणून उंच कडांचे खोके, जाळीचे छोटे कुंपण किंवा क्रेट म्हणजे दाराचा जाळीदार पिंजरा, यांपैकी काहीही वापरता येते. पिंजरा हा शब्द मराठीत कानाला कठोर लागतो. पण पिल्लाला तो आपली बिळासारखी सुरक्षित जागा वाटू शकतो, मात्र त्यासाठी त्याला तो हळूहळू आवडू द्यावा लागतो. आकार इतकाच असावा की पिल्लाला आत उभे राहता यावे, वळता यावे आणि पाय ताणून झोपता यावे. फार मोठा असला तर ते एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्या कोपऱ्यात घाण करते. दिवसा दार उघडे ठेवून त्याचे खाणे आतच द्यावे, आवडती वस्तू आत टाकावी, त्याला हवे तेव्हा आत-बाहेर करू द्यावे. ते आपणहून आत जाऊन आडवे व्हायला लागले, की ते आत काही चघळत असताना दार काही सेकंद लावून, ते अस्वस्थ व्हायच्या आत उघडावे आणि हा वेळ वाढवत न्यावा. शिक्षा म्हणून त्यात कधीही कोंडू नये. आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढून ठेवावा, कारण तो जाळीत अडकून गळफास बसू शकतो. आणि सगळे करूनही पिल्लू आत गेल्यावर दातांनी जाळी ओढत असेल, लाळ गाळत असेल, तर आग्रह सोडून द्यावा आणि त्याला कुंपणात किंवा उघड्या खोक्यात झोपवावे.

आईच्या अंथरुणावरचा एखादा फडक्याचा तुकडा पिल्लू आणतानाच मागून घ्यावा आणि तो न धुता त्याच्या अंथरुणात ठेवावा. कुत्र्याचे जग आधी नाकाने उलगडते, त्यामुळे या एका फडक्याचा उपयोग महागड्या गादीपेक्षा अधिक होतो. पाजणाऱ्या कुत्रीच्या स्तनांमधल्या त्वचेतून पिल्लांना शांत करणारी गंधद्रव्ये स्रवतात, आणि त्यांची कृत्रिम नक्कल करून बनवलेले फवारे आणि गळपट्टेही मिळतात. काही पिल्लांना त्यांचा फायदा होताना दिसतो, काहींना काहीच फरक पडत नाही. ज्यांना वापरून पाहायचे त्यांनी जरूर पाहावे, पण माणसाच्या जवळिकीला तो पर्याय समजू नये. उबेसाठी गरम पाण्याची पिशवी जाड कापडात गुंडाळून अंथरुणाच्या एकाच बाजूला ठेवता येते, म्हणजे फार गरम वाटल्यास पिल्लाला सरकून जाता येते. पाणी कोमट असावे, आणि चावऱ्या पिल्लाजवळ पिशवी रात्रभर ठेवू नये. विजेवर चालणारी गादी तर नकोच, कारण तिची वायर दातांखाली येते. क्रेटवर चादर टाकून अंधार केला तर काही पिल्ले लवकर निवांत होतात, फक्त हवा खेळती राहील एवढी बाजू उघडी ठेवायची आणि उकाड्यात हा प्रयोग टाळायचा.

जवळ झोपणे ही सुरुवात आहे, कायमचा नियम नव्हे. तीन-चार रात्री पिल्लू स्वस्थ झोपले की हात आत सोडणे थांबवावे आणि नुसते शेजारी झोपावे. त्यानंतर दर दोन-तीन रात्रींनी त्याची जागा एक-दोन फूट लांब सरकवावी: आधी पलंगाच्या पायथ्याशी, मग भिंतीजवळ, मग दारापाशी, आणि शेवटी जिथे ते पुढे कायम झोपावे असे आपल्याला वाटते तिथे. एखाद्या टप्प्यावर रडणे परत सुरू झाले, तर त्याचा अर्थ पाऊल जरा लांब पडले एवढाच असतो, आणि एक टप्पा मागे येऊन दोन रात्री थांबले की गाडी पुन्हा रुळावर येते. कोणाकडे हे दहा दिवसांत होते, कोणाकडे महिना लागतो. ज्यांना पिल्लू आपल्याच खोलीत राहिलेले आवडते, त्यांना सरकवण्याची मुळीच गरज नाही.

रात्री जवळ असण्याच्या जोडीने दिवसा एकटेपणाचा सराव हवा, आणि ही गोष्ट लोक हमखास विसरतात. पिल्लू पोटभर खाऊन, खेळून आपल्या जागी पेंगत असताना खोलीतून अर्धा मिनिट बाहेर जावे आणि काही न बोलता परत यावे. मग एक मिनिट, मग पाच. जाणारा माणूस परत येतो, हे त्याला उजेडात कळले, की अंधारात ते मानणे त्याला सोपे जाते.

लघवीचे गणित

रात्रीच्या रडण्याचे दुसरे मोठे कारण अगदी साधे आहे. आठ आठवड्यांच्या पिल्लाचे मूत्राशय लहान असते आणि ते आवळून धरणाऱ्या स्नायूंवर त्याचा ताबा अजून पुरता आलेला नसतो. पहिले सुमारे तीन आठवडे तर त्याला स्वतःहून लघवीही करता येत नाही, आई चाटते तेव्हाच होते. त्यानंतर ते झोपायच्या जागेपासून जरा लांब जाऊन उरकायला शिकते. आपले अंथरूण कोरडे ठेवण्याची ही उपजत ओढ आपल्याला फार उपयोगी पडते, कारण शू लागली की पिल्लू बहुधा झोपेतून उठून तक्रार करते.

पिल्लू जागेपणी किती वेळ धरू शकते याचा एक ढोबळ अंदाज सांगितला जातो: वय जितके महिने, त्यात एक मिळवला की तितके तास. दोन महिन्यांच्या पिल्लाला अशा हिशोबाने तीन तास मिळतात, आणि ती कमाल मर्यादा समजायची. झोपेत लघवी कमी तयार होते आणि हालचालही नसते, म्हणून रात्री हे अंतर थोडे लांबते. तरी आठ-नऊ आठवड्यांच्या वयात रात्री एक-दोनदा उठावेच लागते. तीन महिन्यांच्या सुमारास बहुतेकांचे एकदाच उठून भागते, आणि चार महिन्यांच्या आसपास बरीच पिल्ले सलग सहा ते आठ तास झोपू लागतात. लहान जातींच्या पिल्लांना थोडा अधिक वेळ लागतो.

इथे माझा आग्रहाचा सल्ला असा, की पिल्लाच्या रडण्याची वाट न पाहता आपणच गजर लावून उठावे. ते साधारण तीन वाजता उठत असेल, तर गजर पावणेतीनचा लावावा. त्यामुळे दोन गोष्टी साधतात: अंथरूण कोरडे राहते, आणि रडल्यावर माणूस येतो असे समीकरण मुळात तयारच होत नाही. दोन-तीन रात्री कोरड्या गेल्या की गजर पंधरा मिनिटांनी पुढे ढकलावा, पुन्हा दोन-तीन रात्री थांबावे, असे करत तो पहाटेच्या दिशेने न्यावा.

ही रात्रीची फेरी शक्य तितकी नीरस ठेवावी. मोठा दिवा लावू नये, कौतुकाने बोलू नये, खेळणे हातात घेऊ नये. पिल्लाला उचलून किंवा पट्टा लावून दररोज त्याच ठिकाणी न्यावे आणि पाच मिनिटे गप्प उभे राहावे. ते शू करत असताना रोज एकच शब्द हळू आवाजात म्हणावा, पुढे तो शब्द उच्चारला की त्याला काम कळते. झाले की एकदा ‘शाब्बास’ म्हणून सरळ अंथरुणात. लसी पूर्ण झालेल्या नसतील तर जिथे अनोळखी कुत्रे फिरतात अशी जमीन टाळून अंगण, गच्ची किंवा न्हाणीघरातला एक कोपरा ठरवावा, कारण पार्व्होसारख्या रोगाचे विषाणू जमिनीत दीर्घकाळ तग धरतात. आत कधी चुकून झालेच, तर रागावू नये. रागावल्याने पिल्लू एवढेच शिकते की माणसाच्या समोर शू करणे धोक्याचे आहे, आणि मग ते बाहेर नेले तरी आपल्यासमोर करत नाही. ती जागा विकरयुक्त, म्हणजे एन्झाइम असलेल्या, साफसफाईच्या द्रावणाने पुसावी. वास राहिला तर तेच ठिकाण पुन्हा निवडले जाते.

कोणत्या आवाजाला उठायचे

कुत्र्याची झोप आपल्यासारखी सलग नसते. मोठ्या कुत्र्यांची रात्रीची झोप पाहणाऱ्या 1993 सालच्या एका अभ्यासात असे आढळले, की ते सरासरी 16 मिनिटे झोपतात, 5 मिनिटे जागे होतात आणि पुन्हा झोपतात. रात्रभरात असे वीसहून जास्त फेरे होतात. म्हणजे पिल्लू मध्येच मान वर करणार, कूस बदलणार, एखादी कुईकुई करणार, यात काहीच वावगे नाही. झोपेत त्याचे पंजे हलतात, मिशा फुरफुरतात, ओठ दूध प्यायल्यासारखे हलतात आणि मिटलेल्या तोंडातून बारीक भुंकणेही येते. ही स्वप्नांची झोप असते आणि तिच्यातून त्याला जागे करू नये. म्हणून पहिला आवाज ऐकताच झडप घालण्याऐवजी अर्धा मिनिट निश्चल पडून ऐकावे. निम्म्या वेळा ते आपापले पुन्हा झोपते.

आवाज वाढत गेला तर त्याचा पोत ओळखायचा प्रयत्न करावा. चार तास शांत झोपलेले पिल्लू एकाएकी उठून फिरू लागले, जमीन हुंगू लागले आणि तुटक कण्हू लागले, तर त्याला बाहेर जायचे आहे. दिवे मालवल्याबरोबर सुरू होणारा, उंच पट्टीत चढत जाणारा, धाप लागल्यासारखा आवाज एकटेपणाचा असतो आणि त्याला हात, श्वास, हळू शब्द एवढेच औषध असते. आणि नुकतीच फेरी करून आलेले, पोट भरलेले, आपण शेजारी आहोत हे माहीत असलेले पिल्लू शेपूट हलवत, खेळायला बोलावल्यासारखे थांबून थांबून भुंकत असेल, तर तिथे मात्र उत्तर देऊ नये. इथे धीर लागतो, कारण दहा मिनिटे दुर्लक्ष करून अकराव्या मिनिटाला उठलो, तर अकरा मिनिटे भुंकले की माणूस उठतो हेच त्याला शिकवल्यासारखे होते. घरातल्या सगळ्यांनी या बाबतीत एकसारखे वागायला हवे.

दिवस कसा गेला, त्यावर रात्र

लहान पिल्लू दिवसाच्या 24 तासांपैकी 18 ते 20 तास झोपते. हे अनेकांना खरे वाटत नाही, आणि रात्री झोपावे म्हणून ते त्याला दिवसभर दमवत राहतात. प्रत्यक्षात उलटे होते. अतिथकलेले पिल्लू किरकिऱ्या मुलासारखे वागते: पायांना चावत सुटते, घरभर वेड्यासारखे पळते, पाच मिनिटेही एका जागी बसत नाही. संध्याकाळी असा गोंधळ रोज होत असेल, तर बहुतेक वेळा व्यायाम कमी पडलेला नसतो, दुपारच्या डुलक्या कमी पडलेल्या असतात. तासभर जागेपण आणि मग दीड-दोन तास झोप, असा दिवसाचा ठेका या वयात सोयीचा ठरतो. झोपलेल्या पिल्लाला उचलून दाखवण्याचा मोह पाहुण्यांना आणि मुलांना होतो, तो मोडून काढावा लागतो.

संध्याकाळचे शेवटचे जेवण झोपायच्या तीन-चार तास आधी द्यावे, म्हणजे शी करून होते. पाणी मात्र तासन्‌तास बंद करू नये. झोपण्यापूर्वीच्या तासाभरात थोडे थोडे द्यावे एवढे पुरे. अगदी लहान जातींच्या पिल्लांच्या रक्तातली साखर उपाशीपोटी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून त्यांचे जेवण किती वाजेपर्यंत आणि किती वेळा हे पशुवैद्यांना विचारूनच ठरवावे. जेवणानंतर शांत खेळ, मग मंद उजेड, काहीतरी चघळायला देणे, अखेरची फेरी आणि अंथरूण, हा क्रम रोज त्याच वेळी व्हावा. चघळणे आणि चाटणे यांनी पिल्लू शांत होते, तर दोरीची ओढाताण आणि चेंडूमागची धावपळ त्याला चेतवते, म्हणून झोपेच्या तोंडावर पहिले ठेवावे आणि दुसरे टाळावे.

काही वेळा कारण सवयीचे नसते, दुखण्याचे असते. पातळ शी, उलटी, फुगलेले पोट, सतत खाजवणे, थेंब थेंब लघवी किंवा लघवी करताना कण्हणे, खाण्यावरची वासना उडणे, मलूलपणा, यांपैकी काही दिसले तर दुसऱ्या रात्रीची वाट न पाहता पशुवैद्यांकडे न्यावे. पुष्कळ पिल्लांच्या पोटात जन्मापासूनच जंत असतात आणि पोटात कळा येणारे पिल्लू कितीही माया केली तरी झोपणार नाही. माणसांची झोपेची किंवा वेदनेची गोळी, अगदी अर्धीसुद्धा, कधीही देऊ नये. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलसारखी आपल्याला किरकोळ वाटणारी औषधे पिल्लाच्या जिवावर बेतू शकतात.

चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान 28 दुधाचे दात पडून 42 कायमचे दात येऊ लागतात. तेव्हा नीट झोपणारे पिल्लूही हिरड्या शिवशिवल्यामुळे मध्येच उठू लागते. स्वच्छ कापड भिजवून, पिळून, गोठवून झोपण्याआधी आपल्यासमोर चघळायला द्यावे, आणि त्याची जागा तेवढ्या दिवसांपुरती पुन्हा जवळ घ्यावी. आधी शिकलेले ते विसरलेले नसते, म्हणून हा काळ लवकर सरतो.

गजर बंद कधी करायचा, हे बहुतेक वेळा पिल्लूच सांगते. पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढे सरकत गजर पहाटे साडेचार-पाचवर येऊन ठेपलेला असतो. आपण उठतो, दार उघडतो, पट्टा हातात घेतो, आणि पिल्लू एक डोळा किलकिला करून आपल्याकडे पाहते, शेपटीचे टोक दोनदा अंथरुणावर आपटते आणि नाक पुन्हा पायांत खुपसते. अशा सलग तीन पहाटे गेल्या, की चौथ्या रात्री गजर न लावता झोपायला हरकत नाही.